शांत लेकरांची चाळ

गिरणीच्या आवारात कारकुनांसाठी एक कौलारू ओळ बांधलेली होती. तिच्यातल्या शेवटच्या दोन खोल्या आमच्या. शेवटच्या म्हणून आम्हाला एक खिडकी जास्त मिळाली होती, आणि त्या खिडकीतून भिंतीपलीकडची मजुरांची चाळ दिसायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या दारावर हजेरी घेत. पहाटेचा पहिला भोंगा व्हायच्या आत त्यांची अंघोळ, देवपूजा, चहा सगळं उरकलेलं असे. डोक्याला टोपी, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, मग बाहेर कितीही ऊन असो. दुसरा भोंगा झाला की आमच्या फरशीखालून एक बारीक घरघर सुरू व्हायची ती थेट संध्याकाळपर्यंत. तांब्यातलं पाणी तिच्यामुळं सारखं शहारत असायचं. आम्हाला तिची इतकी सवय की सुट्टीच्या दिवशी कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं, आणि आई उगीचच मोठ्यानं बोलायची. कापसाचे तंतू तर घरात पाहुण्यासारखे नव्हे, घरच्यासारखेच वावरत. दह्यावर, वाळत घातलेल्या सांडग्यांवर, देवांच्या डोक्यावर. आई पदराच्या टोकानं ते टिपायची आणि पुढच्या कामाला लागायची.

अण्णा माढ्याजवळच्या एका शेतकरी घरातले. घरातला पहिला शिकलेला आणि पहिला पगारी माणूस. थोरल्या काकांनी स्वतः नांगर धरून त्यांना शिकवलेलं. त्यामुळं ती नोकरी एकट्या अण्णांची नव्हती, सगळ्या घराण्याची होती. गावाकडून कुणी आलं की आधी गिरणीचं धुराडं बघून यायचं आणि मग जेवायला बसायचं. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, तुरीची आमटी, आणि आईनं उखळात तेल सुटेस्तोवर कुटलेली शेंगांची चटणी. थंडीत हुलग्याचे शेंगोळे असत. ते शिजताना लसणाचा वास चाळीपर्यंत जायचा आणि भिंतीवरून कुणीतरी बाई हसून म्हणायची, "वैनी, आज शेंगुळ्याचा बेत हाय व्हय?" मग आई एक वाटी भिंतीवरून देई. शेजारच्या काकूंना हे आवडत नसे. एकदा दिलं की सवय लागते, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा मोठ्यानं कधी बोलत नसत. साहेबापुढं तर नाहीच, पण घरातही नाही. भाजीत मीठ पडलं नसलं तर तसंच जेवून उठत, आणि नंतर आई जेवायला बसली की तिला कळे. मला त्या वयात त्यांचा थोडा रागच यायचा. बाकीच्या मुलींचे वडील कसे तावातावानं भांडतात, आणि आमचे अण्णा नळावर कुणी पुढं घुसलं तरी बाजूला होतात.

अशा आमच्या घरात आईचा धाकटा भाऊ, सदूमामा, राहायला आला. कुर्डुवाडीला रेल्वेत लागलेली चांगली नोकरी त्यानं सोडली होती, आणि सोलापुरातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायचं काम धरलं होतं. ते साप्ताहिक म्हणजे बाजारातल्या एका बोळात एक छापायचं यंत्र, दोन टेबलं आणि दम्यानं खोकणारे एक संपादक. अण्णांना हा व्यवहार समजेना. "रेल्वे सोडली? स्वतःहून?" त्यांनी दोनदा विचारलं. मामा हसून म्हणाला, "दाजी, तिथं गाड्या वेळेवर सोडायला माणसं पुष्कळ आहेत."

मामा उंच, किडकिडीत आणि बडबड्या. पायात कायम धुळीनं भरलेल्या चपला. तो सकाळी निघायचा आणि शहरातल्या अशा अशा गल्ल्या तुडवून यायचा की जिथं आमच्यातलं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. जेवताना तो सांगायचा, आणि आम्ही ऐकायचो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं कशी राहतात, मधे पडदा म्हणून लुगडं टांगतात. खिडकी नसलेल्या खोलीत बाळंतीण कशी असते. एका वस्तीत उघडं गटार नळाच्या अगदी बुडाशी होतं, त्यावर त्यानं सलग लिहिलं. मग नगरपालिकेची माणसं आली आणि गटारावर फरशी पडली. त्या दिवशी मामा इतका खूश, की घरी येताना जिलेबी घेऊन आला. "इंदू, बघ," मला म्हणाला, "लिहिलं की फरशी पडते!" त्याच्या ह्या वाक्याला मी फार दिवस भुलले होते. पुढं कळलं, की लिहिलं की दर वेळी फरशीच पडते असं नाही.

माझा भाऊ चंदू तेव्हा अंगावर पिणारा होता. गुटगुटीत आणि महा रडका. त्याच्या रडण्यानं अण्णांची सुट्टीच्या दिवशीची वामकुक्षी मोडायची, मामाचं लिहिणं अडायचं. एका दुपारी मामा चंदूला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभा होता. चंदू ओरडत होता आणि त्याला झुलवता झुलवता मामा एकदम थांबला. म्हणाला, "अक्का, या चाळीत लेकरं किती असतील गं?"

"असतील की पुष्कळ. दर घरात पाळणा हलतोय," आई म्हणाली.

"मग रडतो तो फक्त आपला चंदूच कसा?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "त्यांना गोळी देतात."

ती गोळी म्हणजे अफूची. बाळगोळी म्हणत तिला. खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. दुकानात उघड मिळायची, साखर-चहा मिळतो तशी. पहाटे बाई कामावर जायच्या आधी आईच्या दुधातून नाहीतर मधाच्या बोटातून ती लेकराच्या तोंडात जायची, आणि लेकरू दिवसभर निपचित पडायचं. मला आश्चर्य याचं वाटलं, की आईला हे माहीत होतं. शेजारच्या काकूंना माहीत होतं. अण्णांनाही माहीत असणार. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणालाच दिसत नव्हती, आणि ती दिसायला बाहेरून आलेला एक बडबड्या माणूस लागला.

पण मामाची अडचण अशी की बायकांच्या खोल्यांत त्याला जाता येईना. परका पुरुष दारात दिसला की बायका आत होत. म्हणून तो आईच्या मागं लागला. आईनं आधी साफ नाही म्हटलं. मग एके दिवशी अण्णा कामावर गेल्यावर तिनं चंदूला कडेवर घेतलं, मला म्हणाली "चल," आणि आम्ही भिंतीच्या खिंडारातून चाळीत गेलो.

मधल्या खोलीत लक्ष्मव्वा नावाची म्हातारी राहायची. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरातली. जन्मभर गिरणीत राबून आता डोळ्यांनी अधू झालेली. कामावर जाणाऱ्या बायका आपली लेकरं तिच्याकडं टाकून जात. दारातून आत गेलं की आधी काही दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. जमिनीवर गोणपाटं अंथरलेली, आणि त्यांवर ओळीनं लेकरं. सात-आठ असतील. डोळे अर्धे उघडे, पांढरं दिसतंय असे. ओठ सुकलेले. माश्या बसत होत्या आणि एकाही लेकराचा हात माशी हाकलायला हलत नव्हता. चंदूसुद्धा त्या खोलीत गप्प झाला.

आई तिथंच बसली. एक मुलगी तिनं मांडीवर घेतली. चंदूपेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी मोठी असेल, पण वजनानं निम्मी. सोनी तिचं नाव. रिळाच्या खात्यात काम करणाऱ्या गंगूची ती पोर. आईनं इकडं तिकडं बघितलं, पदर ओढला आणि सोनीला अंगावर घेतलं. सोनीनं तोंड उघडलं नाही. आईनं तिच्या ओठांवर दूध पिळलं, गाल चोळला, कानाशी काही पुटपुटली. दूध तसंच गळून गोणपाटावर गेलं. मी आईला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

लक्ष्मव्वा चाचपडत जवळ आली. तिला वाटलं आम्ही तिला रागावायला आलो. "अम्मा, मी वाईट बाई न्हाय," ती म्हणाली. "पिल्ला समदे रडते. मी येकली. याला घेतला तर त्यो रडते. गोळी आई देते, मी देत न्हाय. मी निस्ती बघते, जीव हाय का न्हाय." असं म्हणून तिनं आमच्यासमोर एकेका लेकराच्या नाकाशी बोट धरलं. तिला दिसत नव्हतं ना, म्हणून ती असं बघायची.

आता माझी नातसून रोज सकाळी स्कूटरवर बाळाला पुढं घेऊन पाळणाघरात सोडते आणि बँकेत जाते. इथं जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, आमच्याच रस्त्यावर ते आहे, भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवलेले. बाळाला सोडताना तिचा चेहरा उतरतो. मी तिला कधी सांगत नाही, पण ती गेली की मला त्या खोलीतलं लक्ष्मव्वाचं बोट आठवतं.

आम्ही गेलो त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. संध्याकाळचा भोंगा झाला. बायकांचा लोंढा दारातून बाहेर पडला, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून एक किंकाळी आली. गंगू खिंडारातून धावत आली ती सोनीला दोन्ही हातांवर आडवी धरून. "वैनी, पोर उठंना! वैनी, बगा की, उठंना माजी पोर!" तिच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला होता. सोनीचे ओठ निळे पडले होते. श्वास इतका लांबून लांबून येत होता, की दर वेळी वाटे, हा शेवटचा.

मामा नुकताच आला होता. तो टांगा आणायला पळाला. आईनं सोनीच्या तळपायांना कांदा चोळला, तोंडावर पाण्याचे सपकारे मारले, मला म्हणाली, "हाक मार तिला, इंदू, थांबू नकोस." मी "सोने, सोने" अशा हाका मारत राहिले. टांग्यात गंगू, आई, मामा आणि ती पोर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार खटपट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरी आली आणि म्हणाली, "रडली." एवढंच बोलून ती चंदूला पाजायला बसली.

गंगू दोन दिवस कामावर गेली नाही, म्हणून मुकादमानं तिचं काम दुसरीला दिलं आणि तिला आठवडाभर दारात उभं ठेवलं. त्या दारावर हजेरी घ्यायला अण्णाच होते. घरी येऊन त्यांनी ताट सरकवलं. "भूक नाही," म्हणाले.

मामानं त्या विषयावर लेख लिहिला आणि जेवताना वाचून दाखवला. त्याची भाषा जोरदार होती. आपल्या पोटच्या गोळ्याला विष चारणाऱ्या माता, अज्ञानाचा अंधार, वात्सल्याला काळिमा, असलं पुष्कळ. मला तर फार आवडला. आईनं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सदू, ह्यात गंगू कुठं आहे?"

"ही काय, तिचीच तर गोष्ट आहे."

"ही गंगू नाही. ही कुणी राक्षसीण आहे. गंगू पोरीला घेऊन कशी धावत आली, ते तू पाहिलंस. तिला दुपारी पाजायला सोडत नाहीत, हे का लिहिलं नाहीस? गोळी दिली नाही तर पोर रडून मरेल, आणि कामावर गेली नाही तर उपाशी मरेल. तुझा लेख वाचून लोक गंगूच्या तोंडावर थुंकतील. गिरणी आहे तशीच राहील."

मामाचं तोंड उतरलं. त्यानं कागदाची घडी केली. पण तो खोटा माणूस नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं आईला समोर बसवून सगळं पुन्हा लिहिलं. ती सांगायची, तो लिहायचा, मधेच दोघं भांडायची. "काळिमा काढ," आई म्हणायची. "अगं, तो शब्द चांगला आहे." "असू दे. काढ." शेवटी जो लेख छापून आला त्यात एकही मोठा शब्द नव्हता. पहाटेच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत एका आईचा आणि तिच्या लेकराचा दिवस, इतकंच होतं. मामानं नावं बदलली होती. गिरणीचं नाव घातलं नव्हतं. पण सोलापुरात ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

तो लेख पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं जसाच्या तसा घेतला. मग गावात वकिलांच्या बैठकांत, शाळामास्तरांत, देवळाच्या पारावर त्याचीच बोलणी सुरू झाली. दुकानदार गोळी देताना इकडं तिकडं बघायला लागले. काही बायकांनी साप्ताहिकाकडं जुनी लुगडी, दुधाचे डबे पाठवले. आणि एका दुपारी अण्णांना मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं.

अण्णा घरी आले ते कोट न काढताच बसले. मामाला म्हणाले, "सदाशिवराव, तुम्ही माझ्या घरात बसून माझ्या धन्याविरुद्ध लिहिता. मी तुम्हाला खोटं लिहिलंत म्हणत नाही. पण ही छपराखालची जागा त्यांची आहे. मला दोन लेकरं आहेत." त्यांच्या तोंडून इतकं लांब बोलणं मी प्रथमच ऐकलं. मामानं वाद घातला नाही. "दाजी, तुमचं बरोबर आहे," म्हणाला आणि वळकटी बांधून छापखान्यावर राहायला गेला. आई अण्णांशी त्यावरून भांडली नाही. ती फक्त बोलेनाशी झाली. घरात भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. आणि दुपारी ती चंदूला घेऊन लक्ष्मव्वाच्या खोलीत जातच राहिली. ज्या लेकरांना शुद्ध असे त्यांना भाताची पेज भरवायची. अण्णांना ते माहीत होतं. त्यांनी तिला कधी जाऊ नको म्हटलं नाही, हेही इथं लिहिलं पाहिजे.

बोभाटा फार झाला तसं गिरणीवाल्यांनी ठरवलं, की चार प्रतिष्ठित लोकांना बोलवून चाळ दाखवून टाकावी. पुण्याहून स्त्रियांच्या एका संस्थेच्या बाई येणार होत्या, त्यांच्याबरोबर गावातले एक वकील आणि दवाखान्यातले डॉक्टर. चाळीला चुना लागला. गटारात फिनेल पडलं. लक्ष्मव्वाच्या खोलीत नव्या चटया आल्या. गिरणीत बायकांच्या कामावर देखरेख करणारी नायकीण घरोघर जाऊन सांगून आली, की विचारलं तर म्हणायचं, गोळी म्हणजे काय आम्हाला ठाऊक नाही. जी जास्त बोलेल तिनं दुसऱ्या दिवशी दाराशी येऊ नये. पाहुण्यांना वाट दाखवायला आणि बायकांशी बोलणं करून द्यायला साहेबांनी अण्णांना नेमलं. अण्णांइतका मुका माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता.

तो सुट्टीचा दिवस होता, म्हणून सगळ्या बायका चाळीत होत्या. आम्ही कारकुनांच्या घरातली माणसं भिंतीच्या खिंडाराशी उभी. पुण्याच्या बाई वयस्क होत्या, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा, पण बोलायला साध्या. त्या एकेका बाईला विचारत. "बाळाला गोळी देता का हो?" "न्हाय जी." "कुणी देतं का इथं?" "ठावं न्हाय, बाई." गंगूलाही विचारलं. गंगूनं सोनीला छातीशी घट्ट धरलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "न्हाय जी." मॅनेजरसाहेब हसतमुखानं मागं उभे होते. वकील डॉक्टरांकडं बघत होते. सगळं आता उरकल्यासारखं झालं होतं.

बाई लक्ष्मव्वाच्या दारात थांबल्या. आत एक लेकरू चटईवर झोपलेलं होतं. बाहेर एवढी गडबड, माणसांचे पाय, बोलणी, तरी ते हललं नाही. बाईंनी ते बघितलं आणि सहज मागं वळून अण्णांना विचारलं, "तुम्ही इथंच शेजारी राहता ना? तुम्हाला काय वाटतं?"

अण्णांनी टोपी काढली. ती पुन्हा घातली. मला वाटलं, आता म्हणतील, मला कल्पना नाही. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पुढं चालायला लागले होते.

"ते झोपलेलं नाही, बाई," अण्णा म्हणाले. "गोळी दिलीय त्याला."

आवाज इतका हळू होता, की वकिलांनी "काय म्हणालात?" असं विचारलं. तेव्हा अण्णा जरा मोठ्यानं बोलले. "गोळी दिलीय. आज सुट्टी आहे तरी दिलीय, कारण आता त्याला तिच्यावाचून राहवत नाही. पण या बायकांना बोल लावू नका. सकाळी दार बंद झालं की संध्याकाळी उघडतं. मधे लेकराला पाजायला कुणाला सोडत नाहीत. मी दारावरच असतो. मला माहीत आहे." मग ते साहेबांकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, बाईंनी मला विचारलं म्हणून सांगितलं."

आणि मग गंगू पुढं आली. तिनं सोनीला सरळ पुण्याच्या बाईंच्या हातात दिलं. "मगा मी खोटं बोलले. देत हुते मी," ती म्हणाली. "ही मरता मरता वाचली. आता देत न्हाय, तर दिसभर रडती आन म्हातारी दमती. मला दुपारचं जरा सोडा म्हनावं, बाई. पळत येती, पाजती, आन पळत जाती. दुसरं काय मागत न्हाय मी." तिच्या मागून दुसरी बोलली. मग तिसरी. मग सगळ्याच बोलायला लागल्या, मराठीत, तेलुगूत, एकमेकींना थांबवत, आणि नायकीण "गप, गप" करत मधे मधे फिरत राहिली. बाईंनी सोनीला खाली ठेवलं नाही. शेवटपर्यंत हातातच धरून सगळ्यांचं ऐकलं.

अण्णा घरी आले, कोट काढून खुंटीला अडकवला आणि पाटावर बसले. आईनं पाणी दिलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, नाही म्हणता येईल." आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली. "शेंगोळे करू का?" तिनं विचारलं.

महिना संपायच्या आत अण्णांची नोकरी गेली आणि खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मामा धावत आला, अण्णांच्या पाया पडला. "माझ्यामुळं झालं," म्हणाला. अण्णा म्हणाले, "तुमच्यामुळं नाही. मला विचारलं गेलं." सामान हलवायच्या दिवशी हातगाडी मिळाली नव्हती. आम्ही दोन ट्रंका आणि भांड्यांची पाटी घेऊन कसं जायचं या विचारात होतो, तोवर भिंतीच्या खिंडारातून बायका यायला लागल्या. गंगूनं ट्रंक डोक्यावर घेतली, दुसरीनं उखळ, तिसरीनं अंथरुणं. कारकुनांच्या ओळीतली दारं लावलेली होती. फक्त शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांनी आईच्या हातावर दह्याची वाटी ठेवली. आम्ही रस्त्यानं निघालो तेव्हा मुकादम दारात उभा राहून कोण कोण जातंय ते बघत होता. गंगूनं त्याच्या अंगावरून जाताना मान वर केली आणि म्हणाली, "बगा, नीट बगा."

विणकरांच्या वस्तीत आम्हाला खोली मिळाली. तिथं घरोघर हातमाग. एका साडीच्या व्यापाऱ्याकडं अण्णांना दुपारनंतरचं लिखापढीचं काम मिळालं. गिरणीच्या मानानं पगार कमीच होता. त्या वर्षी घरात तूप आलं नाही, हे मला आठवतं. इकडं मामाच्या साप्ताहिकात पुण्याच्या बाईंनी स्वतः लिहिलं, डॉक्टरांनी लिहिलं, मग गावातल्या मंडळींनी मिळून चाळीजवळच एक गोदाम घेतलं आणि त्याचं पाळणाघर केलं. गिरणीनं बराच काळ अडवून धरलं, आणि मग एकदा दुपारची थोडी मोकळीक द्यायला सुरुवात केली. गोळी काही लगेच गेली नाही. पुढंही पुष्कळ वर्षं ती कुठं ना कुठं मिळत राहिली, आणि दोन लेकरं त्या पहिल्या उन्हाळ्यातच गेली, त्यांना कुणी वाचवू शकलं नाही. त्यातलं एक तेच, त्या दिवशी चटईवर निजलेलं. सोनी मात्र वाढली. पुढं मामाचं साप्ताहिक बंद पडलं, दुसरं निघालं, मामा लिहीतच राहिला, आणि त्याच्या लिहिण्यात मोठे शब्द पुन्हा कधी फारसे आले नाहीत.

पाळणाघर कुणी चालवायचं असा प्रश्न निघाला तेव्हा पुण्याच्या बाईंनी आईचं नाव सुचवलं. आमच्या घराण्यातली कुठलीच सून तोवर पगारावर काम करायला बाहेर पडलेली नव्हती. आईनं अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "इंदूची शाळा चालू राहिली पाहिजे. बाकी मी बघतो." आणि आई भोंग्याबरोबर चंदूला कडेवर घेऊन जायला लागली.

थोरले काका माढ्याहून आले ते या सगळ्याची हजेरी घ्यायलाच आले होते. धाकट्याला शिकवलं, नोकरीला लावलं, आणि त्यानं ती अशी घालवली. मी शाळेला निघायच्या तयारीत होते. काकांनी ज्वारीचं पोतं दाराशी टेकवलं, पागोटं काढलं, आणि घरात चौफेर नजर फिरवली.

"सूनबाई कुटं हाय? नळावर गेली का?"

"कामाला गेलीय, दादा," अण्णा म्हणाले.

"कामाला? कुनाच्या?"

"पाळणाघरात. तिथली सगळी लेकरं ती बघते. संध्याकाळी येईल."

काका भिंतीला टेकून बसले. शेजारच्या घरातला माग खटखटत होता. रागावून बोलायचं ते पाठ करून आले असणार, पण त्यातलं कुठून सुरू करावं हे त्यांना सुचत नसावं. शेवटी म्हणाले, "आन घरात रांधतं कोन? ही पोर?"

"इंदूला शाळा आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी चुलीपुढचा पाट सरकवला, काकांपुढं ताट मांडलं, त्यात चटणी, कांदा आणि दोन भाकरी वाढल्या. भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, कडेला फाटलेल्या. "बसा. जरा कडक झाल्या असतील. मीच थापल्यात."

काकांनी भाकरी उलटीपालटी करून बघितली, तुकडा मोडला, चटणीला लावून तोंडात टाकला आणि पुष्कळ वेळ चावत राहिले. मी दप्तर घेऊन दारातच थांबले होते.

"कडक न्हाईत," काका म्हणाले. "कच्च्या हायेत." आणि दोन्ही संपवून तिसरी मागून घेतली.